खेळाडू आणि पटाचा मालक

मार्च २०१८ मधील एका रात्री सव्वीस वर्षांचा एक अमेरिकन तरुण आपल्या घरी संगणकासमोर बसून व्हिडिओ गेम खेळत होता, आणि तो कसा खेळतो हे सहा लाखांहून अधिक माणसे त्याच वेळी आपापल्या पडद्यावर पाहत होती. या तरुणाचे नाव रिचर्ड टायलर ब्लेव्हिन्स. जग त्याला ‘निंजा’ या टोपणनावाने ओळखते. त्या रात्री ड्रेक हा ख्यातनाम गायक, ट्रॅव्हिस स्कॉट हा दुसरा गायक आणि जुजू स्मिथ-शूस्टर हा अमेरिकन फुटबॉलपटू त्याच्या खेळात सामील झाले होते. हे प्रक्षेपण ‘ट्विच’ नावाच्या संकेतस्थळावरून चालले होते, आणि एका व्यक्तीच्या प्रक्षेपणाला इतके प्रेक्षक तेथे यापूर्वी कधीच लाभले नव्हते. पुढच्याच काही दिवसांत दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत या तरुणाने सांगितले की, त्याची महिन्याची प्राप्ती पाच लाख डॉलरच्या वर आहे. त्याच वर्षी ‘ईएसपीएन’ या क्रीडाविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे छायाचित्र झळकले. व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला हा मान प्रथमच मिळाला.

अशी वार्ता आपल्याकडे येऊन पोहोचते तेव्हा दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. वडीलधारी पिढी कपाळाला हात लावते. ज्या देशात शेतमजुराला वर्षाचे तीनशे दिवस काम मिळत नाही, त्या देशातील मुलांनी हे रिकामटेकडे चाळे पाहावेत आणि त्यांचे अनुकरण करावे, याचा तिला संताप येतो. तरुण पिढीचे डोळे मात्र चमकतात. एक साधा मुलगा, ना बापजाद्यांची इस्टेट, ना कोणाचा वशिला, केवळ बोटांच्या चापल्यावर कोट्यधीश झाला. मग आपण का होऊ नये? संताप आणि स्वप्न यांचे आपसांत पटत नसले, तरी दोघांचे एका बाबतीत एकमत आहे: हे काम नव्हे. एकाच्या मते ते काम नसून चैन आहे, दुसऱ्याच्या मते ते काम नसून नशीब आहे. या समान समजुतीची तपासणी झाली पाहिजे, कारण पटाच्या मालकाचा सारा फायदा तिच्यावर उभा आहे.

प्रथम त्या तरुणाच्या वाटचालीकडे पाहावे. त्याचा जन्म १९९१ सालचा, डेट्रॉइटचा. लहानाचा मोठा झाला तो शिकागोजवळील एका उपनगरात. शिक्षण चालू असताना तो नूडल्स विकणाऱ्या एका उपाहारगृहात काम करीत असे. २००९ पासून तो ‘हेलो’ या खेळाच्या स्पर्धांत उतरू लागला आणि २०११ मध्ये त्याने आपल्या खेळाचे थेट प्रक्षेपण सुरू केले. म्हणजे ज्या रात्रीने तो जगाला ठाऊक झाला, त्या रात्रीच्या मागे सुमारे सात वर्षांचा रियाज होता. एवढ्यापुरते त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. खेळ त्याला येत होता आणि खेळता खेळता बोलणे, हसवणे, प्रेक्षकाला धरून ठेवणे हेही त्याला येत होते. हे दुसरे कसब पहिल्याइतकेच दुर्मिळ आहे.

परंतु सात वर्षे जो आडोशाला होता, तो आठव्या वर्षी अचानक प्रकाशात का आला? सप्टेंबर २०१७ मध्ये एपिक या कंपनीने ‘फोर्टनाइट’ या आपल्या खेळाचा एक नवा प्रकार बाजारात आणला. त्यात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. हा खेळ कंपनीने फुकट ठेवला. पैसा मिळवायचा तो पात्रांच्या पोशाखांवर आणि नृत्यांवर. फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस दुसरी गोष्ट घडली. ट्विच ही कंपनी ॲमेझॉनने २०१४ मध्ये सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतलेली होती. ॲमेझॉनची वार्षिक वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांना फोर्टनाइटमधील खास पोशाख फुकट मिळतील, अशी योजना तिने जाहीर केली. पोशाखासाठी ग्राहकाने आपले ॲमेझॉनचे खाते ट्विचला जोडायचे. आणि एकदा जोडले की दरमहा ट्विचवरील कोणत्याही एका खेळाडूची वर्गणी त्याला वेगळे पैसे न देता भरता येई. लक्षावधी मुलांच्या हाती अशी एकेक फुकट वर्गणी आली, आणि ती द्यायची कोणाला असा प्रश्न पडला, तेव्हा फोर्टनाइट सर्वांत चांगला खेळणारा जो डोळ्यांसमोर होता, त्याच्या झोळीत ती पडली. ड्रेकची रात्र उजाडली ती यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी. निंजाचे कसब खरे, पण त्याला वर उचलणारी लाट एका खेळ-कंपनीच्या आणि एका दुकानदार महाकंपनीच्या विक्रीयोजनेतून उठलेली होती. लाट ओसरवण्याची सत्ताही अर्थातच त्यांच्याच हाती होती.

या व्यवसायात पैसा फिरतो कसा, हे महाराष्ट्रातील वाचकाला समजणे अवघड नाही. आपल्याकडे संगीत बारीत दौलतजादा चालत आला आहे. प्रेक्षक नोट पुढे करतो, कलावंतीण ती घेते, देणाऱ्याचे नाव सर्वांसमक्ष घेते, त्याची फर्माईश पुरी करते; आणि ते नाव ऐकून दुसऱ्याचा हात खिशाकडे जातो. ट्विचवर अगदी हेच होते. प्रेक्षक पैसे पाठवतो, त्याचे नाव पडद्यावर झळकते, खेळाडू खेळता खेळता ते नाव उच्चारतो आणि आभार मानतो. फरक एवढाच की, येथे नोट प्रेक्षकाच्या हातातून थेट कलावंताच्या हाती जात नाही. निंजाच्या भरभराटीच्या काळात मासिक वर्गणी जवळजवळ पाच डॉलरची होती आणि सर्वसाधारण करारानुसार तिच्यातील निम्मा भाग ट्विच ठेवून घेई. मोठ्या खेळाडूंना सत्तर टक्के मिळत; सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने वर्षाला एक लाख डॉलरच्या पुढील प्राप्तीपुरता त्यांचाही हिस्सा निम्म्यावर आणण्याचे जाहीर केले. वर्गणीशिवाय ‘बिट्स’ नावाची टोकने आहेत. शंभर बिट्ससाठी प्रेक्षक एक डॉलर चाळीस सेंट मोजी आणि खेळाडूच्या पदरात एक डॉलर पडे. या सर्वांवर जाहिरातींचे उत्पन्न वेगळे. तंबू ज्याचा, त्याचा वाटा नाचणारीच्या आधी निघतो, हा व्यवहार जुनाच आहे. बदलले आहे ते तंबूचे आकारमान.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पडद्यासमोर बसून खेळणारा माणूस श्रमिक आहे काय? ॲडम स्मिथने १७७६ मध्ये ‘राष्ट्रांची संपत्ती’ लिहिताना नट, विदूषक, वादक, गायक या साऱ्यांची गणना अनुत्पादक श्रम करणाऱ्यांत केली, कारण त्यांचे काम होताक्षणीच विरून जाते, त्यातून विकता येईल अशी वस्तू उरत नाही. आपल्या चळवळीतील अनेक ज्येष्ठ कार्यकर्ते आजही नकळत स्मिथच्याच बाजूने बोलतात. नांगर, माग, भट्टी दिसली की त्यांना श्रम दिसतो. खुर्ची दिसली की दिसत नाही. मार्क्सने ही गोष्ट निराळ्या रीतीने पाहिली होती. एखादी गायिका स्वतःच्या आनंदासाठी अथवा स्वतःच्या जबाबदारीवर गाते तेव्हा ती भांडवलाच्या दृष्टीने उत्पादक नसते. पण तीच गायिका एखाद्या व्यवस्थापकाने पैसा मिळवण्यासाठी गायला लावली की तिचे गाणे भांडवलाची वाढ करते. गाण्यात फरक पडलेला नसतो, संबंधात पडलेला असतो. ही कसोटी लावली की ट्विचवरील खेळाडू कोठे उभा आहे हे स्पष्ट होते. डॅलस स्माइद या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, प्रसारमाध्यमे विकतात ती कार्यक्रम नव्हे, तर प्रेक्षकांचे लक्ष. आणि गिऱ्हाईक असते जाहिरातदार. हे मान्य केले, तर खेळाडू म्हणजे प्रेक्षकांची मोट बांधून ती मालकाच्या दारी आणून घालणारा माणूस होय. ही मोट रोज नव्याने बांधावी लागते. त्यात चैन कोठे आहे?

जून २०१८ मध्ये या तरुणानेच याची साक्ष दिली. लॉस एंजल्स येथील व्हिडिओ गेमच्या मोठ्या मेळाव्यास तो गेला आणि अठ्ठेचाळीस तासांहूनही कमी काळ त्याचे प्रक्षेपण बंद राहिले. तेवढ्यात त्याचे चाळीस हजार वर्गणीदार गळाले, अशी तक्रार त्याने जाहीरपणे केली. लोक हसले. महिन्याला पाच लाख डॉलर मिळवणाऱ्याने रजेचे रडगाणे गावे, याचे हसू येणे स्वाभाविक होते. पण हसून झाल्यावर त्या आकड्यांकडे पुन्हा पाहिले पाहिजे. त्या काळात हा माणूस दिवसाचे बारा-बारा तास खेळत होता. जगातील सर्वांत यशस्वी खेळाडूला दोन दिवसांची सुटी परवडत नसेल, तर ज्याला पंधरा प्रेक्षक आहेत त्याची काय कथा? मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहत असे. हजेरी चुकली की नाव मागे पडे आणि पाळी दुसऱ्याला मिळे. त्याला रजा नाकारण्याची मुकादमाला गरजच नव्हती. रांगेत उभी असलेली माणसे ते काम परस्पर करीत. ट्विचच्या पडद्यावरही अशीच रांग आहे. फरक असा की, येथे मुकादमाचे काम यंत्रातील गणित करते, आणि गणिताशी हुज्जत घालता येत नाही.

रांग एवढी लांब का असते, याचे उत्तरही अर्थशास्त्राने जुन्या काळीच देऊन ठेवले आहे. स्मिथने वकिलीच्या धंद्याची तुलना सोडतीशी केली होती. वीस जण अपयशी ठरतात तेव्हा एक यशस्वी होतो, आणि तरीही तरुण माणसे आपल्या नशिबाविषयी अवाजवी आशा बाळगून त्यात उडी घेतात. त्याने वीस म्हटले होते. आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात गायिकेचे उदाहरण घेतले: मानवी आवाज जोवर ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचतो, तोवर एखाद्या गायिकेच्या प्राप्तीलाही मर्यादा राहील. ही मर्यादा महाराष्ट्राने स्वतः पाहिली आहे. बालगंधर्वांच्या पदाला कितीही ‘वन्स मोअर’ मिळाले, तरी नाट्यगृहाच्या भिंतीपलीकडे खुर्ची मांडता येत नव्हती. ते पुण्यात गात असत तेव्हा नागपुरात दुसऱ्या गायकनटाला आपले पोट भरता येत असे. शर्विन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये ‘सुपरस्टार’चे अर्थशास्त्र मांडले. जेथे एकाच प्रयोगाच्या कितीही प्रती जवळजवळ फुकट काढता येतात, तेथे गुणांतील तसूभर फरकाचे प्राप्तीतील डोंगराएवढ्या फरकात रूपांतर होते, असा त्याचा सिद्धांत आहे. इंटरनेटने नाट्यगृहाच्या भिंतीच पाडल्या. आता पुण्यातला, नागपुरातला आणि शिकागोतला प्रेक्षक एकाच खोलीत बसतो, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कलावंताला गाव उरलेले नाही.

या सिद्धांताचा पुरावा ऑक्टोबर २०२१ मध्ये अनपेक्षितपणे हाती लागला. ट्विचची अंतर्गत कागदपत्रे कोणीतरी चोरून उघड केली, आणि ऑगस्ट २०१९ पासून कोणाला किती पैसे दिले गेले, याची यादी जगाने पाहिली. दहा लाख डॉलरपेक्षा अधिक मिळालेले खेळाडू होते ८१. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने या आकड्यांचा हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, खेळाडूंना वाटलेल्या वर्षाच्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम वरच्या एक टक्क्याने नेली होती, आणि उरलेल्यांपैकी तीनचतुर्थांश लोकांना त्या वर्षात १२० डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते. वर्षाचे १२० डॉलर! कॅमेरा, ध्वनिक्षेपक, वीज, जागरण हे सारे त्यांनी स्वतःच्या पदरचे घातलेले. कारखानदाराला निदान यंत्र विकत घ्यावे लागते. येथे यंत्र कामगाराचे, जागा कामगाराची, जोखीमही कामगाराचीच, आणि वरून मालक म्हणतो की हे माझे कामगार नव्हेतच, हे स्वतंत्र उद्योजक आहेत. निंजासारखा एक तारा आकाशात असणे या व्यवस्थेला अत्यावश्यक असते. त्याच्यामुळेच खालच्या लाखोंना आपली फुकट राबणूक ही उमेदवारी वाटते.

मग तारा तरी मालकाच्या तावडीतून सुटलेला असतो काय? ऑगस्ट २०१९ मध्ये निंजाने ट्विच सोडले आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘मिक्सर’ या प्रतिस्पर्धी संकेतस्थळाशी करार केला. रक्कम उघड झाली नाही, ती कोट्यवधी डॉलरची असावी असे सर्वांनी धरले. आपला प्रेक्षक आपल्यामागे येईल असा त्याचा आणि मायक्रोसॉफ्टचा होरा होता. तो चुकला. बाजारपेठेत सर्वांत गोड बोलणारा दुकानदार दुसऱ्या आळीत गेला म्हणून गिऱ्हाईक आळी सोडत नाही. त्याचे ट्विचवरील ओसाड पडलेले पानही त्याच्या मालकीचे नव्हते, हे लगेचच दिसून आले. ट्विचने त्या पानावर इतरांची प्रक्षेपणे दाखवण्यास सुरुवात केली आणि त्यांत एक अश्लील प्रक्षेपणही झळकले. त्या पानावर त्याचे नाव होते आणि त्याच्या चाहत्यांत लहान मुले होती. कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली. पुढे जून २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने मिक्सर गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि २२ जुलैला ते बंद पडले. निंजाच्या हाती कराराचे बळ होते. सप्टेंबर २०२० मध्ये तो ट्विचवर परत आला. परंतु मिक्सरवर दोन-तीन वर्षे घालवून चार-दोनशे प्रेक्षक जमवलेल्या सामान्य खेळाडूला एका महिन्याच्या मुदतीत बिऱ्हाड हलवावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्विचने दक्षिण कोरियातील आपला कारभार बंद केला तेव्हा तेथील खेळाडूंवर हीच पाळी आली. तेथे इंटरनेट कंपन्यांना द्यावे लागणारे शुल्क परवडत नाही, असे कारण देण्यात आले. कुळाला निदान जमिनीचा सात-बारा दाखवून भांडता येत होते. येथे जमीनच मालकाच्या इच्छेनुसार नाहीशी होते.

ज्या पटावर हा सारा डाव मांडला जातो, तो पट बनवणाऱ्यांचाही विचार करायला हवा. फोर्टनाइट लोकप्रिय झाल्यावर एपिकमधील कर्मचाऱ्यांना आठवड्याला सत्तर-सत्तर तास काम करावे लागत असल्याच्या हकीकती एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. खेळात दर आठवड्याला काही नवे पाहिजे ही प्रेक्षकांची भूक निंजासारख्यांनी वाढवली, आणि ती भागवण्यासाठी दुसरीकडे कोणी रात्रीचा दिवस केला. सप्टेंबर २०२३ मध्ये याच कंपनीने ८३० कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. पोशाखविक्रीचा प्रश्न तर न्यायप्रविष्टच झाला. मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करणे आणि फसव्या रचनेने न मागितलेली खरेदी करवून घेणे या आरोपांवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीत एपिकने एकंदर ५२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. निंजाच्या नावाचा आणि रूपाचा पोशाखही जानेवारी २०२० पासून या दुकानात विक्रीस होता. माणूस जाहिरात करता करता स्वतःच माल झाला.

एक गोष्ट येथे नोंदवणे भाग आहे, कारण कौतुकाच्या भरात ती विसरली जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये निंजाने एका मुलाखतीत सांगितले की, तो महिला खेळाडूंबरोबर प्रक्षेपण करीत नाही. नसत्या अफवा उठतील आणि त्याच्या वैवाहिक जीवनाला त्रास होईल, असे त्याचे कारण. त्याची अडचण खोटी नसेल. पण मोठ्याच्या शेजारी बसल्याने लहानाला प्रेक्षक मिळतो, हा या धंद्याचा नियम आहे. सर्वांत मोठ्याने दार लावून घेतले की त्याची किंमत स्त्रिया चुकवतात, आणि अफवा उठवणाऱ्या पुरुषांना काहीच मोजावे लागत नाही.

तथापि ही केवळ हताशेची कहाणी नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात ट्विचवर कृष्णवर्णीय, स्त्री आणि तृतीयपंथी खेळाडूंच्या प्रक्षेपणांवर टोळ्यांनी घुसून शिवीगाळ करण्याचे प्रकार वाढले आणि कंपनी ढिम्म राहिली. तेव्हा काही सामान्य खेळाडूंनी पुढाकार घेऊन १ सप्टेंबर २०२१ हा दिवस ‘ट्विच बंद’चा दिवस म्हणून पाळला. त्या दिवशी ज्यांनी पडदा बंद ठेवला, त्यांनी अठ्ठेचाळीस तासांत चाळीस हजार वर्गणीदार जातात हे माहीत असूनही ठेवला. एकट्याने घेतलेली सुटी आणि सर्वांनी मिळून घेतलेली सुटी यांत किती अंतर आहे, हे गिरणगावाला समजावून सांगण्याची गरज नाही. जर्मनीतही असा एक प्रयोग झाला. गलोलींच्या चित्रफिती करणाऱ्या एका गृहस्थाने २०१८ मध्ये यूट्यूबवर काम करणाऱ्यांची संघटना काढली, आणि जुलै २०१९ मध्ये ‘आयजी मेटाल’ ही वीस लाखांहून अधिक सदस्यांची धातुकामगार संघटना तिच्या पाठीशी उभी राहिली. त्यांच्या मागण्या साध्या होत्या. कोणती चित्रफीत वर येते आणि कोणाची जाहिरात बंद होते, याचे नियम सांगा; शिक्षेची कारणे द्या; दाद मागायला माणूस ठेवा. मोटारकामगारांच्या संघटनेला गलोलीवाला आपला वाटला, ही घटना आपल्याकडील कामगार संघटनांनी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आपल्याकडे हा धंदा परका राहिलेला नाही. ‘पबजी मोबाइल’ या खेळाच्या प्रक्षेपणावर मुंबईतील काही तरुण देशभर गाजले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली तेव्हा त्यांत हा खेळही होता. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती; त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. हा खेळ २०२१ मध्ये नव्या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. या प्रत्येक वळणावर त्यावर पोट असलेल्या मुलांनी काय केले, याची चौकशी कोणत्याही कामगार खात्याने केली नाही. कारण ते कामगार आहेत असे खात्याला वाटत नाही, आणि खरे तर त्यांना स्वतःलाही वाटत नाही. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, पंतप्रधानांनी देशातील सात नामांकित खेळाडूंना घरी बोलावले, त्यांच्याबरोबर खेळून पाहिले, आणि त्याची चित्रफीत सर्वदूर पोहोचली. त्यांत मुंबईचे नमन माथूर आणि मिथिलेश पाटणकर हे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी घातली, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. जुगाराने देशोधडीला लागलेल्या कुटुंबांचा विचार करता ही बंदी स्वागतार्हच आहे. पण प्रक्षेपण करणाऱ्याचा हिस्सा किती, त्याचे खाते बंद करण्यापूर्वी त्याला नोटीस द्यावी की नाही, याविषयी त्या कायद्यात शब्दही नाही.

दुसऱ्या एका कायद्यात मात्र एक फट आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेला एकंदरीने श्रमिकांच्या हिताची म्हणणे कठीण आहे. तिच्या सोबतच्या इतर संहितांनी संघटनेचा आणि संपाचा हक्क आवळला आहे. तरीही ‘प्लॅटफॉर्म कामगार’ ही संज्ञा तिने कायद्यात आणली आणि अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी असे ठरवले, मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांची कमाल मर्यादा घालून. कोणत्या कंपन्यांनी, हे सातव्या अनुसूचीत सांगितले आहे. टॅक्सी, खाद्यपदार्थ पोहोचवणे, मालवाहतूक हे तेथे आहेतच, आणि त्यांच्या कामगारांविषयी बोलणारे आज कोणी ना कोणी आहे. त्याच यादीत पुढे ‘आशय व माध्यम सेवा’ अशीही नोंद आहे.

या नोंदीच्या आधारे पडद्यावर खेळणारा मुलगा प्लॅटफॉर्म कामगार ठरतो काय? वर्गणीतील त्याचा हिस्सा हा ‘कामगाराला दिलेला मोबदला’ धरायचा की नाही? ज्या कंपनीची कचेरी कॅलिफोर्नियात आणि प्रेक्षक कोल्हापुरात, तिची उलाढाल कोठली मोजायची? मोटारचालक आणि डिलिव्हरी करणारी मुले यांच्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे प्रश्न नवे नाहीत. ज्या खोलीत डिलिव्हरी करणारा मुलगा राहतो, त्याच खोलीत त्याचा धाकटा भाऊ रात्री दोन वाजता बारा प्रेक्षकांसमोर खेळत बसलेला असतो. कार्यकर्ता त्या खोलीत जातोच. त्याने थोरल्याची नोंदणी करून घेताना धाकट्याचाही अर्ज भरून घ्यावा आणि खाते तो कोणत्या कारणाने नाकारते हे लेखी मागून घ्यावे.